फ्रेयर हा ओडिनचा मुलगा नव्हे

संपादक महोदय,

येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) निमित्ताने आपल्या पुरवणीत परदेशी कृषिदेवतांवर लेख आला. त्यात उत्तर युरोपातल्या फ्रेयरला ‘ओडिनचा मुलगा आणि पर्जन्यदेव’ म्हटले आहे. इंग्रजीतला शुक्रवारही (‘फ्रायडे’) त्याच्याच नावावर घातला आहे. यातली पहिली चूक सर्वांत महागाची, कारण घराणे चुकले की पुढची सगळी कथाच फिरते.

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांची कुळे दोन. देवांचा राजा ओडिन आणि थॉर हे एसिर; फ्रेयर, त्याचे वडील न्योर्ड आणि बहीण फ्रेया हे वानिर. दोन्ही कुळांत युद्ध झाले, कोणीच हटेना, तेव्हा तह होऊन ओलिसांची अदलाबदल झाली. त्यात न्योर्ड आणि फ्रेयर एसिरांकडे आले. न्योर्डला ही मुले स्वतःच्या बहिणीपासून झालेली. वानिरांत ते चालत असे, एसिरांत नाही. पुढे त्याने स्काडी या राक्षसकन्येशी लग्न केले. तिला डोंगर हवा, त्याला समुद्र; नऊ-नऊ रात्रींची पाळी लावूनही निभले नाही. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने गद्य एडा या पुराणकथांच्या ग्रंथात (सुमारे १२२०) या लग्नाची हकीकत सांगून ‘नंतर’ मुले झाली असे लिहिले आहे. तेवढ्यावरून स्काडीलाच फ्रेयरची आई ठरवले जाते. आपल्या लेखातही तेच झाले आहे.

‘पर्जन्यदेव’ हा शब्दही अपुरा पडतो. स्नोरीच्या म्हणण्यानुसार पाऊस आणि ऊन दोन्ही फ्रेयरच्या हाती, शिवाय जमिनीचे पीकही. त्याच्याकडे मागणे असे ते सुगीचे आणि शांततेचे. आपल्याकडे धोंडी काढून नुसते पाणी मागतात. पण काढणीला आलेल्या सोयाबीनवर झड लागली की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. तेव्हा ऊन मागायचे तेही त्याच देवाकडे.

फ्रेयरची बायको झालेल्या गेर्ड या राक्षसकन्येची कथा लेखात गोड प्रेमकहाणी झाली आहे. मूळ काव्य इतके गोड नाही. ओडिनच्या उंच आसनावर बसून फ्रेयरने जग न्याहाळले, तेव्हा त्याला गेर्ड दिसली. तिच्या दंडांच्या झळाळीने आभाळ आणि समुद्र उजळले होते. मागणी घालायला त्याने स्किर्निर या सेवकाला पाठवले आणि आपला घोडा व तलवार त्याला दिली. स्किर्निरने अकरा सोन्याची सफरचंदे देऊ केली, दर नवव्या रात्री तशाच आठ अंगठ्या गाळणारी अंगठी देऊ केली. गेर्डने दोन्ही नाकारले. मग तलवारीचा धाक, तोही चालेना, तेव्हा रून अक्षरे कोरून शाप देण्याची धमकी. तेव्हा कुठे ती नऊ रात्रींनंतर बारी नावाच्या राईत भेटायला तयार झाली. काही अभ्यासक तिच्या नावात ‘कुंपण घातलेले शेत’ पाहतात, म्हणजे गेर्ड ही थंडीत गोठलेली जमीन. शापाचा भाग गाळला तर ती गोठलेली जमीन एवढी हट्टी का, हे कळत नाही.

तलवार गेली ती गेलीच. बेली या राक्षसाला फ्रेयरने हरणाच्या शिंगाने मारले, आणि रॅग्नरोकच्या, म्हणजे देवांच्या अखेरच्या युद्धाच्या, वेळी सुर्ट या अग्निराक्षसाशी लढताना तो निःशस्त्र असल्याने मारला गेला.

‘फ्रायडे’ हा शुक्रवार फ्रिग हिचा, म्हणजे ओडिनच्या पत्नीचा.

राहता राहिले लेखासोबतचे चित्र. तलवार उगारलेला फ्रेयर छापण्यापेक्षा स्वीडनमध्ये रेलिंगे येथे १९०४ साली सापडलेली कांस्यमूर्ती छापायला हवी होती. उंची जेमतेम सात सेंटिमीटर. टोकदार टोपी, दाढीवर हात, मांडी घालून बसलेला, आणि लिंग उत्थित. आडाम ऑफ ब्रेमेन या जर्मन इतिहासकाराने अकराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंदिरातल्या ‘फ्रिक्को’चे, म्हणजे फ्रेयरचे, वर्णन भल्या मोठ्या लिंगासह केले आहे, ही मूर्ती फ्रेयरची मानतात ती त्यामुळेच. छापताना संकोच वाटायचे कारण नाही. तेरच्या लज्जागौरी (सुफलतेच्या देवीच्या नग्न मूर्ती) पाहिलेले वाचक या भागात पुष्कळ आहेत.

आपले,
नॉर्स पुराणकथांचे दोन अभ्यासक, लातूर