प्रवेशद्वारावरची गर्दी आणि उंचीची पट्टी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मनोरंजन उद्यानांतील गर्दी आणि नव्या राइड्स यांवरचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. नवी मोठी राइड आणली की गर्दी वाढते, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. परंतु प्रवेशद्वारातून किती माणसे आत गेली एवढे सांगून ते थांबले आणि त्यांपैकी किती जणांना ती राइड प्रत्यक्ष मिळाली, हे विचारावेसेही त्यांना वाटले नाही, याचा मला मनापासून राग आला. कारण गेल्या डिसेंबरात माझ्या वर्गातली १९ मुले या मोजणीत धरली गेली आणि राइडला मात्र मुकली.

मी सहावीचा वर्गशिक्षक आहे. सहलीच्या महिनाभर आधी एका उद्यानाचे प्रतिनिधी शाळेत आले, नव्या रोलर कोस्टरची मोठी रंगीत पत्रके वर्गावर्गांत वाटून गेले आणि मुलांनी घरी हट्ट धरून पैसे आणले. त्या पत्रकात उंचीच्या अटीचा एक शब्दही नव्हता. पहाटे चारला निघून पोहोचलो, पाऊण तास उन्हात रांगेत उभे राहिलो आणि राइडच्या तोंडाशी १४० सेंटिमीटरची पट्टी लावलेली दिसली. आमच्या ४६ मुलांपैकी १९ जण तिच्याखाली राहिले. एका मुलीने दोनदा टाचा उचलून पाहिल्या, तिथल्या कर्मचाऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हलकेच खाली केले, आणि ती काही न बोलता रांगेच्या कठड्याखालून वाकून बाहेर आली. त्या कर्मचाऱ्याचे काहीच चुकले नाही. उंचीची अट सुरक्षेसाठी असते आणि ती पाळलीच पाहिजे. चूक आहे ती अट तिकीट विकताना न सांगण्यात.

बाहेर राहिलेल्या मुलांजवळ बसून मी घड्याळ लावून गाडीच्या फेऱ्या मोजल्या. गाडीत २४ जागा होत्या आणि एकच गाडी चालू असल्यामुळे ती दर सहा मिनिटांनी सुटत होती, म्हणजे तासाला २४० माणसे आणि आठ तासांत १,९२०. दुसरी गाडी बाजूच्या रुळांवर उभी होती. त्या दिवशी आवारात याच्या कितीतरी पट माणसे असावीत, असे वाहनतळावरच्या बसगाड्यांवरूनच दिसत होते. नवी राइड आणली, पण ती पूर्ण क्षमतेने चालवली नाही, तर वाढलेली गर्दी फक्त रांग लांबवते.

नव्या आकर्षणाने काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील ओरलँडोच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ या उद्यानाकडे पाहावे. तेथे जून २०१० मध्ये हॅरी पॉटरचा विभाग उघडला आणि २००९ मध्ये सुमारे ४६ लाख असलेली वार्षिक गर्दी २०११ मध्ये ७६ लाखांच्या पुढे गेली. पण त्या विभागात खऱ्या अर्थाने नवी राइड एकच होती. उरलेल्या दोन जुन्याच रोलर कोस्टर होत्या, फक्त नावे बदललेल्या. लोक आले ते हॅरी पॉटरच्या गोष्टीतले बर्फाच्छादित छपरांचे गाव, तिथली दुकाने आणि गल्ल्या पाहायला. ज्याला राइडमध्ये बसता येत नाही, त्या लहानग्यालाही तिथे दिवसभर रमता येते. उलट आपल्याकडे खोपोलीचे इमॅजिका हे उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले, पुढच्याच वर्षी जलउद्यान आले, २०१६ मध्ये बर्फाचे दालन आले, तरीही कर्जाचा भार वाढतच गेला आणि २०२२ मध्ये उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. मधल्या काळात कोरोनाने दारे बंद राहिली, हे मला मान्य आहे. मात्र नवे काहीतरी आणत राहिले की हिशेब आपोआप जुळतो, असे यावरून कोणालाही म्हणता येणार नाही.

याच सहलीतली आणखी एक गोष्ट सांगतो. मुलांचे डबे प्रवेशद्वारावर काढून घेतले. पोळी-भाजी आणि शेंगदाण्याचे लाडू सतरंजीवर ओळीने मांडलेले मी पाहिले, संध्याकाळी परत मिळेपर्यंत भाजी आंबली होती आणि आत एका वडापावला मुलांनी दिलेले पैसे गावाकडच्या चार वडापावांचे होते. शाळेच्या सहलीला तरी घरचा डबा आत नेऊ द्यावा.

उद्यानांनी शाळांना दिलेल्या प्रत्येक पत्रकावर आणि तिकिटावर राइडची उंचीची अट ठळक छापावी, बंद असलेल्या राइड्सची नावे त्या दिवशी सकाळी तिकीट खिडकीवर लावावीत आणि आपण पुन्हा गर्दीचे आकडे छापाल तेव्हा प्रत्येक मोठ्या राइडला दिवसाला किती माणसे बसली, तो आकडाही उद्यानाकडून मागून घ्यावा. या वर्षीची सहल ठरवण्याआधी मी शाळेच्या व्हरांड्यातील खांबावर खडूने १४० सेंटिमीटरची रेघ ओढली आहे. सोमवारी सहावी ‘ब’ची उंची घेणार आहे.

आपला नम्र,
एक वर्गशिक्षक, सांगली जिल्हा