एवढा अंतरा होऊ द्या

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि तुमचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. महिन्यापूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या तुमच्या जिन्याखालच्या दुकानात मी रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला एक राखाडी टू-इन-वन घेऊन आले होते, जुन्या सुती साडीत गुंडाळून. डोंबिवलीची बाई. आठवत असेन तर बरंच, नसेन तरी हे पत्र तुम्हालाच आहे. त्या दिवशी नीट आभार मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता आणि मागे गिऱ्हाइकं उभी होती.

त्या दिवसांत मला कशातच करमत नव्हतं. वाईट असं काही घडलं नव्हतं. घरची सगळी धडधाकट, नोकरी चालू, लेक तिच्या कामात. पण संध्याकाळी लोकलमधून उतरून घराचं कुलूप उघडलं की पोटात खड्डा पडायचा. दिवा लावायचा, कुकर लावायचा, आणि मग काय, हे सुचायचंच नाही.

ऑफिसात सगळ्या मुली माझ्याहून निम्म्या वयाच्या. स्वभावाने फार चांगल्या आहेत, मला सांभाळून घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एआयने फोटो बदलून घ्यायचं वेड आलं होतं, तुमच्याही कानावर आलं असेल. जेवणाच्या सुट्टीत एकेकीने आपला फोटो टाकला आणि बाहेर आली शिफॉनची साडी, केसात फूल, मागे संध्याकाळचं ऊन. जुन्या काळचा लूक म्हणे. गोडच दिसत होत्या. मला म्हणाल्या, मॅडम, तुमचाही करू या का? मी नको म्हटलं आणि डबा धुवायला उठले. नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होते. नव्वदच्या दशकात मी खरोखरीच साडी नेसून, खांद्याला पर्स लावून सकाळची फास्ट पकडत होते. तो काळ आता सगळ्यांच्या फोनमध्ये होता आणि त्यात मी कुठेच नव्हते.

गाण्यांचंही तेच. गाणी दिवसभर कानावर पडतात, पण मुखड्याची एक ओळ, फार तर दोन, की अंगठा सरकतो. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले. तेव्हापासून लोकलच्या डब्यात मी एकही अंतरा पुरा ऐकलेला नाही. ज्यांना तसं आवडतं त्यांनी खुशाल ऐकावं, मला त्यांच्यावर राग नाही. पण माझं मन अंतऱ्यातच रमतं. मुखडा दारापर्यंत नेतो, घरात अंतरा नेतो.

म्हणून माळ्यावरून तो टू-इन-वन काढला. १९९४ च्या दिवाळी बोनसमधून घेतलेला. सोबत बुटाच्या खोक्यात बारा कॅसेट, सगळ्या रेडिओवरून भरलेल्या. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायला मी किती रविवार टपून बसले असेन! यंत्र सुरू केलं तर आवाज ओढला गेला, मग घरघर, मग काहीच नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी चार ठिकाणी फिरले, काका. हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. घराजवळच्या दुकानदाराने हातसुद्धा न लावता सांगितलं, भंगारात द्या. कंपनीच्या माणसाने फोनवर मॉडेलचा नंबर पुरता ऐकूनही घेतला नाही. तिसऱ्याने चार दिवस ठेवून घेतला आणि एक स्क्रू कमी करून परत दिला. चौथा हसला, आणि त्याच्या पोऱ्यालाही हसायला बोलावलं. घरच्यांचं आणखी निराळं. भाच्याने ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, दिसायला जुन्या रेडिओसारखा. नणंद म्हणाली, या वयात असंच होतं, डॉक्टरला दाखव. कुणी वाईट नाही त्यातलं. पण प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, कशाला? सगळं फोनवर मिळतं, मग हे कशाला?

सगळं मिळत नाही. माझ्या कॅसेटवर गाण्याआधी नावं आहेत. रेडिओवरच्या 'आपली आवड'मध्ये निवेदिका फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं वाचायच्या, गावासकट. कुणी सिन्नरचं, कुणी चिपळूणचं, कुणाचं अख्खं मित्रमंडळ. पावसाळ्यात भरलेल्या कॅसेटवर मध्येच वीज कडाडल्याची खरखर आहे, मीडियम वेव्हवर ती यायचीच. ती वीज कुठल्या ॲपवर आहे?

तुम्ही कशाला असं विचारलंच नाहीत. साडीची गाठ सोडलीत, झाकण उघडलंत. आतला रबरी बेल्ट डांबरासारखा वितळून कप्पीला चिकटला होता. तो काडीने खरवडून काढताना बोटं काळी झाली तुमची. मग स्पिरिटमध्ये कापूस बुडवून हेड पुसलंत, आणि कापसावरचा तपकिरी डाग मला दाखवून म्हणालात, "फितीवरची भुकटी आहे ही. बरीच गाणी ऐकलीत की तुम्ही!" एवढ्या दिवसांत ते यंत्र 'ऐकलेलं' आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. बाकीचे सगळे ते किती जुनं आहे तेवढंच बोलायचे.

नवा बेल्ट बसला, कॅसेट आत गेली. बाईंचा आवाज आला, नावं आली, गाणं सुरू झालं. चालतंय की नाही ते बघायला अर्धा मिनिट पुरे होतं. तुम्ही बटण बंद केलं नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून मान खाली घालून ऐकत राहिलात. तेवढ्यात एक कॉलेजातला मुलगा आला, त्याला कसलीतरी केबल हवी होती, घाई दिसत होती. तुम्ही वर न बघता हात किंचित उचललात आणि म्हणालात, "एवढा अंतरा होऊ द्या."

होऊ द्या. नातवाच्या वयाच्या मुलाला 'द्या'. तो थांबला. फोन खिशात घातला त्याने. बाहेर हातगाड्या, हॉर्न, ओरडाआरडा, आणि आत आपण तिघं एका अंतऱ्यासाठी गप्प उभे. तो संपला, गाणं मुखड्यावर परत आलं, आणि मग तुम्ही त्याला केबल दिलीत.

किती पैसे झाले, किती वेळ लागला, ते लिहीत बसत नाही. काका, त्या दोन मिनिटांत मला कुणी समजूत घातली नाही की उपाय सांगितला नाही. माझी आवड ही एक साधी गोष्ट आहे, तिच्यासाठी गिऱ्हाईक थोडं थांबू शकतं, एवढंच तुम्ही धरून चाललात. माझ्या मनावरचं ओझं तिथेच उतरलं. परतीच्या गाडीत दादरपासून बसायला जागा नव्हती, पण मला उभं राहिल्याचं कळलंही नाही.

तेव्हापासून अशी माणसं मला जास्त दिसायला लागली आहेत. आमच्या स्टेशनबाहेरची भाजीवाली म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची चिल्लर मोजून होईपर्यंत पुढच्याला हात लावू देत नाही. एक रिक्षावाला आहे, बाई जिन्यापर्यंत पोचेस्तोवर दिवा वळवत नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यातून काही मिळत नसतं. आपल्या गावांत अजून राहावंसं वाटतं ते अशांमुळे.

परवा रविवारी दुपारी कॅसेट लावली होती. लेक फोन हातात घेऊन काहीतरी विचारायला आली. माझा हात आपोआप वर गेला, अगदी तुमच्यासारखा. ती दाराला टेकून उभी राहिली. अंतरा संपल्यावर काय विचारायचं होतं ते विसरली आणि म्हणाली, "आई, ती मघाशी नावं वाचली ना, त्यातलं चिपळूणचं कोण गं?" मला काय ठाऊक! मग आम्ही दोघींनी रिवाइंड करून ती नावं पुन्हा ऐकली.

बारापैकी दोन कॅसेटची फीत गुंडाळून बसली आहे आणि एकीचा आतला नमद्याचा तुकडा निघालाय. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी घेऊन येते. घाई नाही, तुमच्या सवडीने करा. आणि या वेळी नाव विचारल्याशिवाय जाणार नाही.

आपली,
डोंबिवलीची राखाडी टू-इन-वनवाली