परीक्षेत माती नाही, मातीचे आकडे असतात

प्रति,
मा. उच्च शिक्षणमंत्री,
कर्नाटक राज्य

विषय : जिओटेक्निकल इंजिनिअरिंगच्या (माती आणि पाया यांच्या अभियांत्रिकीच्या) शिक्षणात बदल करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात इमारतींचे पाये घालण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. सिव्हिलची पदवी घेतलेली मुले दरवर्षी माझ्याकडे कामाला येतात. हुशार असतात, उन्हातान्हात उभी राहायची त्यांची तयारी असते. तेरझागी या शास्त्रज्ञाचे बेअरिंग कपॅसिटीचे, म्हणजे जमीन किती भार पेलेल याचे, सूत्र तोंडपाठ असते. आकडे दिले की उत्तर बिनचूक येते. पण साइटवर आकडे देणारे कोणी नसते, तिथे फक्त खड्डा असतो. ते आकडे मिळवणे आणि त्यांवर कितपत भरवसा ठेवायचा हे ठरवणे, हेच तर आमचे काम. आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते. हे एखाद्या कॉलेजचे दुखणे नाही, सगळीकडे असेच चालले आहे.

आपल्या जिल्ह्यात तर हे फार महागात पडते. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया वरच्यावर ठेवला की काही वर्षांत भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून आमचे गवंडी सांगतात, मुरूम लागेपर्यंत खणा. बरोबरच सांगतात. पण हाच नियम घेऊन एखादा मुलगा पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गेला तर फसू शकतो. तिथे वरचा जांभा टणक असतो आणि त्याच्या खाली पुष्कळदा बोटांनी कुस्करता येईल अशी पांढुरकी-तांबूस माती लागते. म्हणजे जास्त खणण्याच्या नादात तो चांगला थर फोडून वाईट थरावर जाऊन बसतो. एकाच जिल्ह्यातले, एकाच वर्गात शेजारी बसणारे दोन विद्यार्थी इतक्या वेगळ्या जमिनीवरून आलेले असतात, पण पेपरात दोघांनाही मातीच्या कणांतल्या घर्षणाचा तोच छापील कोन आणि तीच छापील घनता.

एसपीटीचे (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टचे) उदाहरण सांगतो, कारण पायाचे अर्धेअधिक निर्णय त्यावर होतात. माती तपासायला जमिनीत पाडलेल्या छिद्रात, म्हणजे बोअरमध्ये, नळी ठोकून माती किती घट्ट आहे हे पाहायची ही चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा, नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे आणि पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे. हे सगळ्यांना लिहिता येते. पण आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी तिकाटणे उभारून, दोर हाताने ओढून हे काम होते. दुपार झाली, माणसे दमली, की हातोडा ७५ ऐवजी साठावरूनच सुटतो. मग तेवढेच अंतर जायला ठोके जास्त लागतात आणि कागदावर माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. नळीखाली एखादा धोंडा आला तर खडक लागला म्हणून बोअर तिथेच थांबते. हे ज्याने एकदा शेजारी उभे राहून पाहिले, तो पुढे आयुष्यभर बोअर लॉग (कोणत्या खोलीवर काय लागले याची नोंद) वेगळ्या नजरेने वाचतो. आणि ज्याने पाहिले नाही, त्याला खोटा अहवालही खरा वाटतो. माझ्या हातात असे अहवाल आले आहेत की जांभ्यावरचा प्लॉट आणि नाल्याकाठचा प्लॉट यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे. नव्या मुलांनी ते निमूटपणे डिझाइनमध्ये घातले होते. त्यांचा दोष नाही. आकड्यावर शंका घ्यायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

प्रयोगशाळेतही तेच. लिक्विड लिमिटची (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते हे पाहायची) पितळी वाटी एक जण फिरवतो आणि बाकीचा गट रीडिंग जर्नलात उतरवून घेतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावची माती आणावी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, कोरडी, दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालायची, एकात केरोसीन, दुसऱ्यात पाणी. चोवीस तासांनी केरोसीनमधली माती तळाशी होती तशीच बसलेली आणि पाण्यातली फुगून वर आलेली. काळी माती घर का तडकवते हे बैलहोंगलच्या मुलाला त्या दोन काचांमध्ये दिसते. शेजारी खानापूरच्या मुलाची तांबडी माती जेमतेम हललेली असते, आणि मग वर्गात आपोआप प्रश्न सुरू होतात. या प्रयोगाला खर्च असा नाहीच.

आता मागणे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, त्यामुळे सुरुवात इथूनच करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एका खऱ्या जागेचे काम बोअर मारण्यापासून अहवालापर्यंत करावे आणि त्या अहवालाखाली सही करून व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्याचे समर्थन करावे. ते मराठीत किंवा कन्नडमध्ये केले तरी चालावे; माती ओळखणारा मुलगा इंग्रजी अडते म्हणून गप्प बसायला नको. पेपरात निदान एक प्रश्न असा असावा की ज्यात आकडे दिलेले नाहीत, किंवा दिलेल्यांतला एक संशयास्पद आहे, आणि ‘पुढे काय तपासाल?’ एवढेच विचारले आहे. असे पेपर तपासायला वेळ लागतो, हे मान्य. म्हणून शिक्षकांवरचा तासांचा बोजा कमी करावा आणि त्यांनाही वर्षातून काही आठवडे साइटवर राहू द्यावे. पीएचडी झालेल्या प्राध्यापकाने कधी बोअरच पाहिलेले नसेल, तर तो तरी मुलांना काय दाखवणार?

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इंजिनिअरिंग कॉलेजे सरकारी आणि खासगी कामांसाठी मातीच्या तपासण्या करतात. ते अहवाल कपाटात पडून राहतात. मालकांची नावे वगळून हे बोअर लॉग विद्यापीठाने एकत्र करावेत, तालुकावार नकाशावर मांडावेत आणि सर्वांना खुले करावेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेकाठी किती घरे बसली हे सरकारने पाहिले आहे. ती पुन्हा बांधताना कोणत्या गावात किती खोलीवर काय लागते हे आधी माहीत असते, तर गरिबाने घराच्या पायासाठी घातलेला पैसा वाया गेला नसता. नकाशाचे काम विद्यार्थीच करतील, दर वर्षी थोडी भर पडेल.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण सुवर्ण विधानसौधात येता. त्या दिवसांत एक सकाळ काढावी. बोअर चालू असलेली साइट मी दाखवतो. विद्यापीठाचे अधिकारी आणि चार विद्यार्थीही सोबत असावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सिव्हिल इंजिनिअर, बेळगाव