सई, मार्चचा स्कोअर लपवू नकोस

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मार्चचा स्कोअर कुणालाच नको पाठवायला, आणि मिशिगनला तर काहीच नको." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तू अर्ज करते आहेस त्या अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांचे नियम एकदा नीट वाचायचे होते. आता वाचून झालेत आणि माझं मत पक्कं झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. फोनवर आपलं बोलणं दुसरीकडेच जातं.

मार्चमध्ये एसएटीत, म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत, तुला रीडिंग-रायटिंगला ६४० आणि मॅथ्सला ७६०, एकूण १४००. ऑगस्टमध्ये ७०० आणि ७३०, एकूण १४३०. तू बेरीज बघतेस, म्हणून ऑगस्ट चांगला आणि मार्च वाईट असं धरून बसली आहेस. सुपरस्कोअर करणारी कॉलेजं मात्र प्रत्येक भागातला सगळ्यात चांगला आकडा उचलतात, मग तो कुठल्याही तारखेचा असो. तुझे ७०० आणि ७६०, म्हणजे १४६०. कुठले स्कोअर पाठवायचे ते ठरवायची जी सोय आहे, त्या स्कोअर चॉइसमध्ये आपल्याला फक्त तारीख निवडता येते, भाग निवडता येत नाही. मार्चचा रिपोर्ट पाठवला तर गणिताबरोबर ते ६४० सुद्धा जाणारच. जाऊ दे. मार्च ते ऑगस्टमध्ये ६४० चे ७०० केलेस, हेही त्यात दिसतंच. फक्त ऑगस्ट पाठवलास तर तुझे ७६० कुणाला कळणारच नाहीत, आणि तुला स्टॅटिस्टिक्स शिकायचंय!

जेईई मेनची दोन सेशन्स दिली की त्यातला चांगला स्कोअर परीक्षा घेणारी एनटीए आपणहून धरते, मुलांना काही ठरवावं लागत नाही. अमेरिकेत हे आपण ठरवायचं, आणि तेही कॉलेजागणिक. त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लावू नकोस.

पर्ड्यूला स्कोअर लागतोच, तिथे प्रश्न मिटला. पुष्कळ कॉलेजांचा अर्ज एकाच ठिकाणी भरायच्या कॉमन अ‍ॅपच्या टेस्टिंगच्या पानावर ते प्रत्येक भागाचा सर्वाधिक स्कोअर आणि त्याची तारीख वेगवेगळी विचारतात. रीडिंगसमोर ७०० आणि ऑगस्टची तारीख, मॅथ्ससमोर ७६० आणि मार्चची. भरताना तारखांची अदलाबदल होऊ देऊ नकोस, पुढे अधिकृत रिपोर्टशी ते ताडून बघतात.

सॅन डिएगोला स्कोअर पाठवायचा विचारच सोडून दे. ते युसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं कॉलेज. युसीने २०२० मध्ये एसएटी आणि तिच्यासारखीच एसीटी परीक्षा बाजूला सारायचं ठरवलं, आणि आता प्रवेश देताना ते स्कोअर बघतही नाहीत. तिथे आठांपैकी चार प्रश्नांची साडेतीनशे-साडेतीनशे शब्दांत उत्तरं द्यायची असतात, तुझा वेळ तिकडे जाऊ दे.

जॉर्जटाउनला सगळे स्कोअर हवे असतात, प्रत्येक वेळी दिलेल्या परीक्षेचे. तिथे स्कोअर चॉइस चालत नाही. "त्यांना कसं कळणार?" असं तुझी मैत्रीण म्हणाली ना? कळो न कळो, त्यांनी सगळं मागितलंय तर आपण सगळं द्यायचं. अर्जाच्या शेवटी आपण सही करतो, की यातली माहिती खरी आणि पूर्ण आहे. ती सही तुझी आहे, आणि एका ६४० साठी ती खोटी ठरावी असं मला मुळीच वाटत नाही.

आता मिशिगन. तिथे स्कोअर ऐच्छिक आहे, आणि खरा विचार इथेच करायचा आहे. कॉलेजं आपली आकडेवारी जाहीर करतात त्या कॉमन डेटा सेटमध्ये सी-९ नावाचा तक्ता असतो, मिशिगनचा, तो उघडून बघ. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा त्यात दिलेला असतो. तू १४६० धर की ऑगस्टचे १४३०, दोन्ही त्या पट्ट्यात बसतात. शिवाय तो पट्टा फक्त स्कोअर पाठवणाऱ्यांचा आहे. ज्यांचे कमी होते त्यांतले पुष्कळ जण पाठवतच नाहीत, त्यामुळे तो आहे त्याहून वरचा दिसतो. तो बघून घाबरायला नको.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या अर्जात दुसरं आहे काय? बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज नोव्हेंबरात. म्हणजे त्यांच्यासमोर तुझी दहावीची मार्कशीट, अकरावीचे मार्क आणि कॉलेजने दिलेले अंदाजे मार्क. तुझ्याकडे एपी नाही, आयबी नाही, म्हणजे त्यांच्या ओळखीचा कुठलाच अभ्यासक्रम नाही. आपल्या दहावीचे टक्के बेस्ट ऑफ फाइव्हने निघतात, हे तिकडे बसलेल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. मॅथ्सचे ७६० मात्र त्याला बघताक्षणी कळतात. असा आकडा हातात असताना तो घरी का ठेवायचा?

अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजने फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, त्यामागे त्यांच्याच प्राध्यापकांचा एक अभ्यास होता. साध्या परिस्थितीतली, १४०० च्या आसपास स्कोअर असलेली शेकडो मुलं तो पाठवत नव्हती, आणि पाठवला असता तर त्यांना फायदाच झाला असता, असं त्यात आढळलं. ती मुलं अमेरिकेतली, त्यामुळे त्यांचा हिशेब तुला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण आपला आकडा कमीच असणार असं मनाशी ठरवून गप्प बसायचं, हे तूही करते आहेस.

म्हणून मिशिगनलाही पाठव असं मला वाटतं. अर्ज तुझा आहे, शेवटचा शब्द तुझा. फक्त "लाज वाटते" हे कारण मी मानणार नाही. तू कॉलेज, क्लास आणि एसएटी असं तिन्ही एकदम ओढलंस, हे मी जवळून बघितलंय.

जॉर्जटाउनचे दोन्ही रिपोर्ट उद्याच मागव, १ नोव्हेंबरच्या आत पोचायला हवेत. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना फुकट पाठवता येतात, ती मुदत केव्हाच गेली, तेव्हा पैसे भरावे लागतील. कार्ड आईकडे आहे. डॉलरचा विचार करत बसू नकोस. मिशिगनचं काय ठरवलंस ते रविवारी सांग, मी दुपारी मोकळा आहे.

तुझा,
बाबा