विनामूल्य रॉक कार्यक्रमासाठी सक्तीने घेतलेल्या कूपनच्या रकमेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या ग्राहक सेवा कक्षाशी आज सकाळी चौथ्यांदा बोलणे झाल्यावर हे पत्र लिहीत आहे. आपल्या रेस्टॉरंटमधल्या शनिवारच्या कार्यक्रमाची जाहिरात आपणच केली होती, त्यामुळे तिच्यातला मजकूर आपल्याला ठाऊक आहेच: स्वतःची गाणी वाजवणारा इंडी रॉक बँड, रात्री 8 वाजता, प्रवेश विनामूल्य. खाली कसलीही अट नव्हती. असे बँड मराठवाड्यात क्वचित येतात. आमच्याकडच्या मुलांना ते ऐकायला पुणे-मुंबई गाठावी लागते. माझी लेक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून बेस गिटार शिकते, म्हणून जालन्याहून सुमारे 60 किलोमीटर गाडी चालवत तिला छत्रपती संभाजीनगरला घेऊन आलो.

दारात प्रत्येकी 800 रुपयांचे खाण्याचे कूपन घेतल्याशिवाय आत सोडणार नाही, असे सांगण्यात आले. लेकीचा चेहरा पाहून मी 1,600 रुपये भरले.

आम्ही 8 वाजता आत होतो आणि बँडही तयार होता. साउंड चेक आटोपून ड्रमर मंचाच्या कडेला बसला होता आणि काठ्या स्वतःच्या मांडीवर वाजवत होता. टेबले भरेपर्यंत त्यांना थांबवले आहे, असे आपल्याच वेटरने सांगितले. 9 वाजून 20 मिनिटांनी सुरू झालेला कार्यक्रम 10 वाजता बंद करावा लागला, कारण तो उघड्या गच्चीवर होता आणि ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हा नियम आपल्याला आधीपासून माहीत असणारच. पाचव्या गाण्यात एकट्या बेसचा भाग सुरू असतानाच आवाज तोडला. टेबलाच्या कडेवर त्या सुरांच्या जागा शोधणारी लेकीची बोटे तिथेच थांबली.

आज सकाळी 23 मिनिटे फोन धरून ठेवल्यावर आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, "काका, फुकटात आलते ना तुम्ही? मग तक्रार कशाची करायलात?" मी कूपनची पावती वाचून दाखवली. त्यावर, "ते खाण्याचे पैसे, गाण्याचे नाहीत," असे उत्तर मिळाले. खायचे नसते तर आत सोडले असते का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "नसते सोडले." मग प्रवेश विनामूल्य कसा, एवढेच मी पुन्हा विचारले आणि फोन ठेवण्यात आला. मी पंचावन्न वर्षांचा माणूस आहे. फुकट्या म्हणवून घेण्यासाठी 1,600 रुपये भरलेले नाहीत.

एकूण व्यवहारात ज्याची किंमत वसूल केली जाते ते विनामूल्य असल्याचा आभास निर्माण करणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा 1,600 रुपये परत करावेत, त्या संभाषणाबद्दल लेखी माफी मागावी आणि बँडला सव्वा तास का बसवून ठेवले याचे उत्तर द्यावे. 15 दिवसांत हे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जालना जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. प्रवेश विनामूल्य म्हणून जाहीर केला होता आणि त्याचे 1,600 रुपये घेतले, हे तिथेही असेच सांगेन.

सोबत: जाहिरातीची प्रत, कूपनची पावती

एक ग्राहक,
जालना