चावी काढली तरी बंद न होणारं इंजिन

चि. सोनू,

जीपचे फोटो बघितले. आई म्हणाली हे काय भंगार उचललं, मी गप्प बसलो कारण मला रंगावरनंच कळलं, एमएम ५४०, प्यूजोचं डिझेल इंजिन, आपल्या अण्णांकडे होती तीच. तू फोनवर म्हणालास ना की एअर फिल्टरला कागद नाहीये, खाली वाटीत ऑइल आहे, ते मीच भरू का, तेव्हापासून झोप नाही नीट, म्हणून लिहितोय.

१९८९ची गोष्ट, मी एकोणीसचा. गाडी चालवायचे तात्या, अण्णांचे पगारी ड्रायव्हर, पण सर्व्हिसिंग मला येतं अशी माझी समजूत. रविवारी ती वाटी काढली, डिझेलने धुतली आणि ऑइल ओतलं. आत खूण असते तिथपर्यंतच भरायचं असतं. मी म्हटलं जास्त भरलं की जास्त धूळ धरेल, आणि काठोकाठ भरलं.

सोमवारी सकाळी तात्यांनी सेल्फ मारला, गाडी चालू झाली, त्यांनी सवयीने जराशी रेस दिली आणि पाय काढला. रेस उतरलीच नाही. वाढतच गेली. आरपीएम मीटर नव्हता पण गरज पण नव्हती, पत्र्याचं बॉनेट नाचत होतं, मागे निळापांढरा धूर इतका की गोठा दिसेना, आणि तो आवाज, सोनू, आधी घरघर मग किंचाळल्यासारखा, बैलाने दावं तोडलं. तात्यांनी स्टॉपची केबल ओढली, पंपाचं डिझेल तोडणारी, काही नाही. चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन चालूच. मी बॉनेटकडे धावलो तर एवढ्या जोरात ओरडले "लांब हो रे, रॉड बाहेर येईल!" मग ब्रेकवर उभे राहिल्यासारखे दाबून टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली, न्हाणीघराची कूड पाडली आणि मेली.

पेट्रोलचं बरं असतं. नंतर आपल्या फियाटचा अ‍ॅक्सिलरेटर कुंभार्ली घाटात अडकला होता, तू पोटात होतास आईच्या, चावी फिरवली की स्पार्क गेला, इंजिन गप्प. डिझेलला स्पार्क नसतोच, दाबानेच पेटतं, मग पंपातनं डिझेल येवो नाहीतर हवेबरोबर त्या काठोकाठ वाटीतलं ऑइल येवो, त्याला काय. फिरेल तेवढं जास्त ओढतं, ओढेल तेवढं जास्त फिरतं, वेग आवरणारा गव्हर्नर बिचारा फक्त पंपावर बसलेला. ऑइल संपेपर्यंत नाहीतर काहीतरी फुटेपर्यंत.

अण्णा टॉवेलवरच बाहेर आले आणि तात्यांना नाही नाही ते बोलले, थंड इंजिनला एवढी रेस देतात का म्हणून. तात्या म्हणाले चुकलं अण्णा. दुपारी मी बघत होतो, त्यांनी एकट्यानेच फिल्टर उघडला, वाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि ते ऑइल हळूच डब्यात ओतून वाटी पुसून ठेवली. कुडीचे आणि फिटरचे पैसे त्यांच्या पगारातून कापले, दोन महिने. मी बोललो नाही. अण्णा गेले तोपर्यंत नाही, तात्या गेले तोपर्यंत पण नाही. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही हे.

तर वाटीतली खूण आधी शोध, गंजली असेल तर घासून काढ. ऑइल खुणेच्या वर एक थेंब नको. पिस्टन रिंग गेल्या असतील तर ब्रीदरमधनंही, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतनं, हवेच्या वाटेत ऑइल जातं, तेही मिस्त्रीला दाखव. आणि सीटखाली एक जाड फळी ठेव, इनटेकच्या, म्हणजे हवा आत जाते त्या तोंडावर बसेल एवढी, पहिल्यांदा चालू करताना फिल्टर काढून फळी हातात घेऊन कोणीतरी उभं राहू दे. हवा तोडली की मरतं. हात नाही लावायचा, फडकं पण नाही, ते आत ओढून घेतं.

शनिवारपर्यंत सेल्फ मारू नकोस. मी येतोय, फळी इथूनच घेऊन येतो, न्हाणीघराच्या त्या कुडीतलीच एक माळ्यावर आहे.

बाबा