पेठकर नव्हे, पेटकर

काका,

स. न. वि. वि.

आपल्या तलावावर स्पर्धेचा फ्लेक्स काल लागला. तुम्ही येता-जाता बघितलात, मान हलवलीत आणि निघून गेलात. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

खरं तर प्रूफ तुम्हाला दाखवलं ते कौतुक ऐकायला. तुम्ही खिशातून लाल पेन काढलंत, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

फ्लेक्सवर जलतरणपटू म्हणून 'मुरलीकांत पेठकर' असं नाव मी बिनधास्त लिहिलं होतं. इस्लामपूरजवळच्या पेठचे, म्हणजे पेठकरच असणार, त्यात विचारायचं काय! "गावाचा ठ त्यांच्या आडनावाला कशाला चिकटवतेस?" म्हणत तुम्ही काट मारलीत. पेटकर.

मग 'म्युनिक ऑलिंपिक'वर रेघ. १९७२ चं ऑलिंपिक म्युनिकलाच झालं, पण पॅरालिंपिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा, त्याआधी, ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला. पेटकरांचं सुवर्ण तिथलं. 'भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण' हेही गेलं. ते २००८ चं, बीजिंगचं, अभिनव बिंद्राचं. पेटकरांचं पॅरालिंपिकमधलं पहिलं, आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या जवानाला ते पुरेसं मोठं आहे. उसनं बिरूद कशाला?

वेळ मी ३३.३७ सेकंद टाकली होती. खरी ३७.३३. टेबलाशी बसल्या बसल्या जवळजवळ चार सेकंद वाचवले की मी!

पण लाज वाटली ती त्या ३ ची. '५० मीटर फ्रीस्टाइल ३' मधला ३ मला छपाईची चूक वाटला. सुवर्णपदक मिळालं, मग तीन कसला? उडवून टाकला. तो दिव्यांग खेळाडूंच्या गटाचा आकडा, हे तुम्ही सांगितलंत. कुणाबरोबर पोहले, कशात जिंकले, हे त्या एका आकड्यात होतं.

फ्लेक्सवाला कुरकुरला, तेव्हा त्याच्या दुकानात स्टुलावर बसून तुम्ही नवीन प्रूफ अक्षरन् अक्षर वाचलंत. दुपारचं जेवण राहिलं तुमचं, हे मला काकूंकडून कळलं.

मनापासून आभार. लाल पेन माझ्याकडेच राहिलंय, रविवारी आणून देते. सोबत मुलांच्या प्रमाणपत्रांची यादीही आणेन. त्यात दोन श्रेयस आहेत आणि एक श्रेयश. जरा बघाल ना?

तुमची,
तलावावरची चिटणीस